शाळेच्या पाटीवरच्या कमलाबाई

गेल्या महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक बातमी आली. पुतण्याच्या मुलीने बारावीनंतर व्यवसायोपचाराला, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीला, प्रवेश घेतला. अभिनंदनाचे अंगठे आले, पेढ्यांची चित्रे आली आणि पाठोपाठ प्रश्न आले. "एमबीबीएसला मार्क कमी पडले का?" "म्हणजे मालिश करायची का?" "त्याला डॉक्टर म्हणतात का?" एका जाऊबाईंनी तर "असू दे, लग्नाला काही अडत नाही" असा दिलासाही देऊन टाकला! मुलीने एकालाही उत्तर दिले नाही. शहाणी आहे. मी एवढेच लिहिले की ज्या बाईंनी हे शिक्षण आशिया खंडात पहिल्यांदा सुरू केले, त्यांचे नाव आपल्या शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेला आहे. त्यावर ग्रुप शांत! म्हणून म्हटले, जरा सविस्तरच लिहावे.

शाळा म्हणजे फलटणची कमला निंबकर बालभवन. म्हसवडहून दहिवडी, मग मोगराळ्याचा घाट उतरला की फलटण. अमेरिकेतून येऊन पक्क्या फलटणकर झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी १९८० च्या दशकात ती सुरू केली. आमच्या नोकरीच्या काळात शिक्षकांच्या प्रशिक्षणात या शाळेचे नाव हमखास निघायचे. मुलांना वाचायला-लिहायला कसे शिकवावे यावर तिथे फार चांगले काम झाले आहे. पण कमला निंबकर कोण, हे आम्ही कुणी कधी विचारले नाही. देणगीदारांच्या मातोश्री असतील अशी सगळ्यांची समजूत. तसे पाहिले तर निंबकर घराण्याच्या त्या मातोश्री होत्याच. पण पाटीवर नाव यायला तेवढेच कारण नव्हते.

कमलाबाईंकडे येण्याआधी थोडे मागे जाते. आमच्या लहानपणी, म्हणजे १९५० आणि ६० च्या दशकात, माण तालुक्यात डॉक्टर किती आणि आजारी माणसाच्या उपयोगी पडणारी इतर माणसे किती, याचा हिशोब केला तर गंमत वाटते. डॉक्टर दुर्मीळ. बाकीची माणसे मात्र दारात यायची. देवी टोचणारा यायचा, त्याला पाहून आम्ही पोरे गव्हाणीत लपायचो. हिवतापवाला यायचा, बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचा आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख लिहून जायचा. दवाखान्यात डॉक्टर असोत की नसोत, कंपाउंडर असायचे. लाल औषध बाटलीत ओतून ते बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवत. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. अक्षर न येणाऱ्या म्हातारीलाही कळेल असे हे मोजमाप कुणाच्या डोक्यातून निघाले कोण जाणे, पण मला ते आजच्या औषधाच्या चिठ्ठीपेक्षा सरस वाटते. (डॉक्टरांचे अक्षर हा वेगळा विषय. आम्ही शिक्षकांनी त्यावर न बोललेलेच बरे, शेवटी शिकवले आम्हीच!)

या सगळ्यांना गाव सरसकट "डॉक्टर" म्हणे. मान होता, पण त्यांचे स्वतःचे नाव कुणाच्या लक्षात राहिले नाही. देवीचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ साली सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. ते काम घरोघर पायी फिरणाऱ्या या माणसांनी केले. त्यातल्या एकाचेही नाव मला सांगता येणार नाही.

मोठे दुखणे असले की आमच्याकडे एकच वाक्य असायचे, "मिरजेला न्या." मिरजेचे मिशनचे हॉस्पिटल १८९४ साली उभे राहिले. डॉ. विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडाचे. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी तिथे काम केले, १९२८ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. हॉस्पिटलला त्यांचे नाव आहे, वानलेसवाडीही त्यांच्याच नावाने. ते योग्यच आहे. पण वानलेससाहेबांना एक गोष्ट फार लवकर कळली होती. एकटा सर्जन कितीही हुशार असला तरी चिरा मारल्यानंतर रोग्याजवळ चोवीस तास कुणीतरी जाणते लागते. म्हणून १८९७ सालीच मिरजेला वैद्यकीय शिक्षणाची शाळा सुरू झाली.  परदेशातून माणसे आणण्यापेक्षा इथलीच तयार करावीत, हा विचार मला वानलेससाहेबांच्या कोणत्याही शस्त्रक्रियेइतकाच मोठा वाटतो.

पण शिकणार कोण? विशेषतः परिचारिका म्हणून? परक्या पुरुषाच्या जखमा धुणे, भांडे देणे, रात्रपाळी करणे... हे घरंदाज बाईचे काम नव्हे असे तेव्हा मानत. इथे आपल्याच भागातल्या एका बाईंचे नाव घ्यायला हवे. रमाबाई रानडे. त्यांचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे गावचा. (यशवंतराव चव्हाणांचेही जन्मगाव तेच. तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत.) न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी आणि पुढे पुण्याच्या सेवासदनच्या संस्थापक एवढे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. १९०९ साली सुरू झालेल्या त्या सेवासदनने मुलींना, त्यातही विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. न्यायमूर्तींच्या घरातली बाई पाठीशी उभी राहिली म्हणून "नर्सबाई" या शब्दाला समाजात थोडी तरी बसायला जागा मिळाली.

आता कमलाबाई.

त्यांचे जन्मनाव एलिझाबेथ लंडी. जन्म १९०० सालचा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातला. घराणे क्वेकर पंथाचे. हा ख्रिस्ती धर्मातला एक साधा, शांततावादी पंथ. युद्धाला विरोध, गुलामगिरीला विरोध, डामडौलाला विरोध. या पंथाचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे. पूर्वी युरोपात वेड लागलेल्या माणसांना साखळदंडाने बांधून ठेवत. इंग्लंडमध्ये यॉर्क गावी विल्यम ट्यूक या क्वेकर व्यापाऱ्याने १७९६ साली एक घर उघडले, जिथे अशा माणसांना माणसासारखे वागवायचे आणि बागेत, घरात, शिवणात काम द्यायचे असे ठरले. काम हाती असले की मन ठिकाणावर येते, हा अनुभव. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनीही १८१७ साली तसेच रुग्णालय सुरू केले. पुढे पहिल्या महायुद्धात हजारो तरुण हातपाय आणि मन दोन्ही मोडून परतले, तेव्हा कामातून उपचार या कल्पनेचे रीतसर शास्त्र झाले. १९१७ साली अमेरिकेत त्याची संघटना निघाली, १९१८ साली फिलाडेल्फियात त्याची शाळा निघाली.

एलिझाबेथबाई १९३० साली हिंदुस्थानात आल्या, विष्णू निंबकर यांच्या पत्नी झाल्या आणि कमला झाल्या. मुंबईत त्यांनी आधी लहान मुलांच्या शिक्षणात काम केले. म्हणजे आमच्याच जातीच्या, शिक्षिका! मग १९४० च्या दशकात, वयाची पंचेचाळिशी उलटत असताना, त्या अमेरिकेत जाऊन फिलाडेल्फियाच्या त्या शाळेत पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. परत आल्या आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. आशियातली पहिली. १९५२ साली व्यवसायोपचार करणाऱ्यांची अखिल भारतीय संघटना निघाली, तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच. त्याच वर्षी जागतिक संघटना स्थापन झाली. तिच्या दहा संस्थापक देशांत अमेरिका, इंग्लंड, कॅनडा यांच्या पंगतीला भारत बसला. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे झालेला, दुष्काळ आणि निर्वासितांनी गांजलेला देश! १९५८ साली नागपूरलाही अशी शाळा निघाली. कमलाबाई १९७९ साली गेल्या.

त्यांचे चिरंजीव बनबिहारी तथा बॉन निंबकर यांनी फलटणला शेती केली आणि १९६८ साली शेती संशोधनाची संस्था काढली. सूनबाई म्हणजे इरावती कर्व्यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर. आपल्या मेंढपाळांना हे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. जुळी कोकरे देणारी दख्खनी मेंढी याच संस्थेने तयार केली. म्हणजे आमच्या माणदेशात निंबकर हे नाव शाळेच्या पाटीवर आहे आणि मेंढरांच्या वाड्यावरही आहे. दवाखान्यात मात्र मी ते कुठे पाहिले नाही.

मेंढीवरून आठवले. व्यवसायोपचाराच्या जुन्या विभागांमध्ये सगळ्यात महत्त्वाचे यंत्र कोणते होते? हातमाग! हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमच्या गावातले सणगरांचे माग आठवले. म्हसवडची घोंगडी प्रसिद्ध. लहानपणी आम्ही खेळता खेळता मागाशी जाऊन उभे राहायचो. चिंचोक्याच्या खळीचा वास यायचा. विणकर एका हाताने धोटा फेकायचा, दुसऱ्या हाताने झेलायचा, मग ठोकायचा. खांदा, कोपर, मनगट, बोटे, शिवाय डोळा आणि हात यांचा मेळ. सगळे एका लयीत, तासन् तास. आता विचार करा, ज्याचा खांदा आखडला आहे त्याला "हात दिवसातून शंभर वेळा वर करा" असे सांगितले तर तो दहाव्या वेळेला कंटाळतो. त्यालाच मागावर बसवले, मागाची फणी थोडी उंच टांगली, तर कापड विणता विणता शंभराचे दोनशे होतात आणि शेवटी हातात टॉवेल असतो. दुखऱ्या गुडघ्यासाठी पायाने चालवायची करवत, बोटांसाठी विणकाम, मनगटासाठी सुतारकाम. रोग्याला जे येते, जे हवेसे वाटते, त्यातूनच त्याच्या अवयवाला काम द्यायचे. कमलाबाईंनी हे आणले ते अशा देशात, जिथे घरोघर हातकाम होतेच. पण हातकाम करणाऱ्याला आपण कारागीर म्हणून खाली बसवले होते आणि औषध देणाऱ्याला खुर्ची दिली होती.

फिजिओथेरपीचेही असेच. "मालिश का?" हा ग्रुपवरचा प्रश्न काही नवा नाही बरे का! लंडनमध्ये १८९४ साली, म्हणजे मिरजेचे हॉस्पिटल उभे राहिले त्याच वर्षी, चार परिचारिकांनी शिकलेल्या मालिश करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. मालिश या शब्दाला तिथेही बदनामी चिकटली होती, ती धुऊन काढायला नियम आणि परीक्षा हव्यात असे त्यांना वाटले. त्या संस्थेतून पुढे इंग्लंडची फिजिओथेरपी उभी राहिली. तेव्हा जाऊबाई, आपण एकशे तीस वर्षांपूर्वीचा प्रश्न विचारलात. इंग्लंडमध्ये त्याचे उत्तर मिळून गेले आहे.

आपल्याकडे या शास्त्राला जोर आला तो पोलिओमुळे. पोलिओ झाला की डॉक्टरच्या हातात औषध नसे. आजही नाही. ताप उतरायचा आणि पाय लुळा पडलेला असायचा. मग पाय प्लास्टरमध्ये जखडून ठेवत. ऑस्ट्रेलियात एलिझाबेथ केनी नावाची खेड्यापाड्यात फिरणारी नर्स होती. तिने उलटे केले. लोकरीच्या ब्लँकेटचे तुकडे गरम पाण्यातून पिळून दुखऱ्या स्नायूंवर ठेवायचे (घोंगडीचा शेक, दुसरे काय!) आणि दुखणे ओसरले की स्नायूला पुन्हा हालचाल शिकवायची. डॉक्टरांनी तिला वर्षानुवर्षे वेड्यात काढले. १९४० नंतर अमेरिकेत मुले तिच्या पद्धतीने सुधारताना दिसू लागली तेव्हा कुठे ऐकून घेतले.

मुंबईत फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. आई हातपाय गाळून बसली नाही. माहिती काढत हिंडली, मुलीला उपचार मिळवून दिले आणि १९४७ साली इतर मुलांसाठी मुंबईत दवाखाना सुरू केला. त्यातून अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था आणि हाजी अलीजवळचे मुलांचे रुग्णालय उभे राहिले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने के. ई. एम. मध्येच फिजिओथेरपीची शाळा निघाली. कमलाबाईंच्या शाळेच्या शेजारीच म्हणायची.

पण परळ कुठे आणि म्हसवड कुठे! माझ्या वर्गात १९८० च्या सुमारास एक मुलगा होता. नाव लिहीत नाही, तो आता आजोबा झाला असेल. दोन वर्षांचा असताना पोलिओ, डावा पाय काडीसारखा. वडील पाठुंगळीला मारून शाळेत आणून सोडत. सातवीत तो वडिलांपेक्षा जड झाला आणि शाळा सुटली. बुद्धीने कमी नव्हता, कविता म्हणायचा तर वर्ग गप्प व्हायचा. त्याला गरज होती एका कॅलिपरची आणि तो लावून चालायला शिकवणाऱ्या माणसाची. पुढे १९९५ नंतर पल्स पोलिओच्या प्रत्येक रविवारी आम्ही शिक्षक बूथवर बसायचो, पोरांच्या करंगळीला शाई लावायचो, तेव्हा मला हटकून तो आठवायचा. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. फार मोठी गोष्ट. पण ज्यांना आधीच होऊन गेला होता त्यांचे पाय त्या प्रमाणपत्राने सरळ झाले नाहीत.

जयपूर फूट आपल्याकडे शिबिरांमुळे सगळ्यांना माहीत आहे. १९६८ च्या सुमाराचा तो शोध. डॉ. प्रमोद करण सेठी यांना त्याबद्दल १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो पाय घडवणारे कारागीर रामचंद्र शर्मा मात्र फार शिकलेले नव्हते. उकिडवे बसता आले पाहिजे, अनवाणी शेतात जाता आले पाहिजे, मांडी घालता आली पाहिजे. परदेशी लाकडी पायाला हे काहीच जमत नव्हते, कारण तो खुर्चीवर बसणाऱ्या, बूट घालणाऱ्या माणसासाठी केलेला. डॉक्टरांचे शरीरशास्त्र आणि कारागिराचे हात एकत्र आले तेव्हा रबराचा तो पाय झाला. सेठींचे मोठेपण निर्विवाद. तरी मी दहा जणांना विचारून पाहिले, रामचंद्र शर्मा कोण? एकालाही सांगता आले नाही.

कायद्याची गोष्टही तशीच आहे. परिचारिकांसाठी देशाची परिषद १९४७ च्या कायद्याने झाली, औषधनिर्मात्यांसाठी, म्हणजे आपल्या कंपाउंडरांच्या पुढच्या पिढीसाठी, १९४८ चा कायदा आला. फिजिओथेरपी, व्यवसायोपचार, प्रयोगशाळा, क्ष-किरण, डोळे तपासणारे, आहार सांगणारे अशा ५६ व्यवसायांना देशपातळीवर कायदा मिळाला तो मार्च २०२१ मध्ये. १९४८ पासून ७३ वर्षे! महाराष्ट्राने मात्र फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचारासाठी स्वतःची परिषद २००० च्या दशकातच करून ठेवली होती, एवढे श्रेय आपल्या राज्याला द्यायला हवे. तोवर बाकी ठिकाणी मालिशवाल्यानेही पाटी लावावी आणि चार वर्षे शिकलेल्या मुलीनेही लावावी, लोकांना फरक कळायचे साधनच नव्हते. ग्रुपवर जे प्रश्न आले ते यातूनच आले, म्हणून मी कुणावर रागावले नाही. (जाऊबाईंवर थोडीशी.)

आता घरातले सांगते, कारण एवढे सगळे मी वाचले ते हौसेने नाही.

२०१६ साली आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस होतो. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण तिथे वॉर्डातली मुले ह्यांना उठवताना लुळा हात धरून ओढायची. लुळ्या खांद्याचे स्नायू सांधा धरून ठेवत नाहीत, ओढले की सांधा निखळल्यासारखा होतो आणि महिनोन् महिने दुखतो. हे मला नंतर कळले. घरी सोडताना सात गोळ्यांची चिठ्ठी दिली आणि खाली एक ओळ, "फिजिओथेरपी करणे." कुणी, कुठे, कशी, काही नाही.

म्हसवडला घरी येऊन खाटेवर निजवले आणि मी भिंतीकडे बघत बसले. शेवटी शेजारच्या तालुक्याच्या गावातून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी स्कूटीवरून आठवड्यातून तीनदा यायला तयार झाली. आमच्या नातीच्या वयाची. आल्या आल्या तिने ह्यांना सोडून मला शिकवायला घेतले. कुशीवर कसे वळवायचे, दर दोन तासांनी का वळवायचे, दंडाखाली उशी कुठे ठेवायची, उठवताना हात न धरता कमरेला कसा आधार द्यायचा. मेंदूचा जो भाग गेला तो गेला, पण शेजारचा भाग त्याचे काम शिकू शकतो, फक्त त्याला पुन्हापुन्हा तेच गिरवायला लावावे लागते, असे तिने सांगितले. गिरवणे! हा शब्द मला समजला. तीन महिन्यांत हे काठी घेऊन अंगणात गेले.

हात मात्र हलेना. तिनेच मग पुण्याला व्यवसायोपचार करणाऱ्या एका बाईंकडे पाठवले. तिथे पहिल्यांदा कुणीतरी ह्यांना रक्तदाबाखेरीज काही विचारले. "काका, या हाताने तुम्हाला काय करायचे आहे?" हे पाटबंधारे खात्यात कारकून होते. आयुष्यभर वळणदार सही. झटक्यानंतर बँकेत पेन्शनसाठी अंगठा लावावा लागला होता, त्या दिवशी घरी येऊन जेवले नव्हते. ते अडखळत म्हणाले, "सही."

बाईंनी सगळा अभ्यास सहीसाठी बांधून दिला. कणकेचा गोळा दाबायचा. भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या, आधी दोन्ही हातांनी, मग उजव्याने. कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे आणि काढायचे. मग पाटीवर खडूने आडव्या रेघा, उभ्या रेघा, मोठे गोल, लहान गोल. पेनाला फडके गुंडाळून जाड करायचे. मी हसले. बालवाडीत अक्षराआधी आम्ही मुलांकडून हेच करून घ्यायचो! फलटणच्या पाटीवरचे नाव मी पहिल्यांदा नीट वाचले ते या दिवसांत, त्या बाईंनी बोलता बोलता सांगितले म्हणून. "आमच्या विद्येच्या आई तुमच्याच जिल्ह्यातल्या हो," त्या म्हणाल्या. तेव्हा लक्षात आले, एका शिक्षिकेला पंचेचाळिशीत हे शास्त्र का शिकावेसे वाटले असेल. तिच्या दृष्टीने ते वेगळे नव्हतेच.

अकरा महिने लागले. कधी पाटी फेकून दिली, कधी शेंगा नुसत्याच खाल्ल्या. पुढच्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो. ह्यांनी काठी मला दिली, खुर्चीत बसले आणि पेन हातात घेऊन सही केली. पाच मिनिटे लागली, मागच्या रांगेतले लोक कुरकुरायला लागले. कारकुनाने संगणकावरची जुनी सही पाहिली, कागदावरची पाहिली, मान हलवली. "जुळत नाही, आजोबा. अंगठा द्या."

हे म्हणाले, "नमुना सहीचा नवा फॉर्म द्या."